अंतिम देयकाचा भाष्यकार

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत आढळणारा, बहुधा सेवानिवृत्त आणि काखेत सदैव बंदाची फाइल बाळगणारा हा गृहस्थ घरचे इंटरनेट बंद करताना जराही हळहळत नाही. त्याची खरी ओढ असते ती त्यानंतर येणाऱ्या अंतिम देयकाकडे, म्हणजे जोडणी तोडल्यावर कंपनी व ग्राहक यांच्यात उरलेल्या देण्याघेण्याच्या हिशेबाकडे. हा कागद तो पट्टी धरून वाचतो आणि ओळीओळीवर बोट ठेवून खिडकीतल्या कारकुनाला अहिराणीत एकच प्रश्न विचारतो : ‘भाऊ, हाई काय शे?’, म्हणजे हे काय आहे?

प्रश्न अगदीच निराधार नसतो. मासिक भाडे 499 रुपये असून तीस दिवसांच्या महिन्यात अकरा दिवस सेवा वापरली, तर तेवढ्याच दिवसांचे भाडे 182 रुपये 97 पैसे होते, त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर चढून ते 215 रुपये 90 पैशांवर जाते, आणि 500 रुपयांच्या अनामत रकमेतून, म्हणजे जोडणी घेताना ठेवलेल्या ठेवीतून, ते वळते झाल्यावर 284 रुपये 10 पैसे ग्राहकालाच येणे निघतात. बिलावर मात्र या आकड्यापुढे एक बारीक आडवी रेघ असते; ती ऋणचिन्ह आहे की छपाईचा डाग, यावर पैसे भरायचे की मागायचे हे अवलंबून असते. हाई काय शे?

ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी जमवलेली दप्तरे त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जपली आहेत, तिथल्या या वंशजाने ट्रंक कॉलच्या पावत्या जपाव्यात, हे परंपरेला धरूनच आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालतात असा निर्वाळा दिल्याचे तो लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याला ऐकवत असतो, आणि वाढप्याने बट्टीवर वरणाऐवजी दुसरेच काही ओतले, तर तिथेही तोच प्रश्न विचारतो.

त्याला हसणारे शेजारी स्वतःची बिले मात्र, दिवेलागणीनंतर आणि शक्यतो कोणी पाहत नसताना, त्याच्याच ओट्यावर आणून देतात, हे नाइलाजाने नोंदवावे लागते.

भारत संचार निगमच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत देशभरातील सुमारे 78 हजार कर्मचारी जानेवारी 2020 अखेर घरी गेले, तेव्हा अनेक खिडक्यांमागची ओळखीची माणसेही गेली. खासगी कंपन्यांच्या दूरध्वनीवर उत्तर देणारा यांत्रिक आवाज एक दाबा, दोन दाबा एवढेच सांगतो आणि अहिराणी त्याला कळत नाही. म्हणून हा गृहस्थ हल्ली संध्याकाळी त्याच निवृत्त कारकुनाच्या घरी जातो, ज्याच्याशी त्याने वर्षानुवर्षे हुज्जत घातली; चहा येतो, फाइलचे बंद सुटतात, आणि कारकूनच चष्मा पुसत, स्वतःच्या घरच्या तोडलेल्या ब्रॉडबँडचे बिल पुढे सरकवून विचारतो : ‘भाऊ, हाई काय शे?’