दातवाला पापलेट

मासे ओळखण्याची विद्या समुद्रकाठच्या लोकांना जन्मतःच येते आणि वर्धेकडच्या माणसाने त्या भानगडीत पडू नये, असा समज महाराष्ट्रात पक्का रुजलेला आहे. मला तो नेमका उलटा वाटतो. वर्सोव्याच्या गिऱ्हाइकाला मासा ओळखायची गरजच काय? समोरच्या कोळणीला सगळं ठाऊक असतं आणि तिने फसवलंच, तर शेजारची कोळीण तिचं बिंग फोडायला टपलेलीच असते. वर्धेजवळच्या आपल्या बोरगाव मेघेहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. एवढ्या लांबून थर्मोकोलच्या पेटीत, बर्फात निजून येणाऱ्या माशाबरोबर कोणी जाणकार येत नाही. विकणाऱ्याला मागून जे नाव कळलं, तेच तो पुढे सांगतो. म्हणजे ओळख पटवण्याची निकड खरी आपल्यालाच. आणि सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या करायची सवय आपल्याला नाही असंही नाही. राज्यात बोरगावं इतकी, की आपल्याला जन्मभर मेघे लावून फिरावं लागतं. सिंदी मेघे आणि सिंदी रेल्वे यांतला फरक न कळलेला पाहुणा भलत्याच सिंदीला उतरून जेवणाच्या वेळेला फोन करतो, हेही जिल्ह्याला नवीन नाही. ओळख पटली नाही तर परदेशात निदान एक सोय असते. तिकडे कयाक नावाच्या चिंचोळ्या होडीत एकटंच बसून समुद्रात गळ टाकणारे हौशी लोक असतात. कोणत्या जातीचा केवढा मासा घरी न्यायचा याचे तिकडे बऱ्याच ठिकाणी कायदे आहेत, म्हणून जात नक्की कळली नाही तर मासा परत पाण्यात सोडावा, हा शहाणपणाचा नियम. आपल्याला ती सोय नाही. पेटीतला मासा धाम नदीत सोडून काय उपयोग? तो मनमाडच्या आधीच गेलेला असतो.

आपल्याकडची मोठी गफलत पापलेटाची. समुद्रापासून लांबच्या बाजारांत पापलेट म्हणून पुष्कळदा जो मासा हाती पडतो, तो रूपचंद. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांचा, पिरान्हाच्या नात्यातला आणि चक्क फळं-बिया खाणारा. बांगलादेशमार्गे आपल्याकडे आला आणि तळ्यांत वाढू लागला. समुद्र त्याने जन्मात पाहिलेला नसतो. अंग मात्र तसंच चपटं, गोलसर, चंदेरी. पण माणूस शांत डोक्याने पाहील तर हा सोंगाड्या तीन ठिकाणी पकडला जातो. पहिलं ठिकाण पोट. रूपचंदच्या पोटाखाली परांची एक जोडी असते. पापलेटाला ती नसतेच, पोटाची कड सरळ गुळगुळीत जाते. दुसरं, पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्यामध्ये रूपचंदला एक छोटासा मांसल पर असतो, शिंप्याने उरलेला तुकडा कुठेतरी लावून टाकावा तसा. तिसरी खूण सगळ्यांत भारी. बोटाने त्याचा ओठ वर करा. आत माणसासारखे दात! चौकोनी, रुंद, दाढांसकट, जणू आताच शेंगदाणे मागणार. बिया फोडायला निसर्गाने ते दिलेत. पापलेटाचं तोंड इवलंसं आणि त्यातले दात इतके बारीक, की सहज दिसतही नाहीत. ज्याला स्वतःचे दात ओळखता येतात त्याला रूपचंद ओळखता यावा, यापेक्षा सोपी परीक्षा विद्यापीठही घेत नाही.

हलवा नावाच्या माशाचं प्रकरण त्यामानाने सरळ. त्याला काळा पापलेट म्हणतात, पण कुळाने तो पापलेटाचा कोणीच लागत नाही. शेपटीच्या देठावर त्याला कडक खवल्यांची खरबरीत धार असते. बोट फिरवलं की कळतं. सुरमईत खरी मौज आहे. एकीच्या अंगावर उभ्या नागमोडी रेघा, दुसरीच्या अंगावर गोल ठिपक्यांच्या ओळी. जाती दोन, बाजारात नाव एकच. रेघावालीच्या कुशीवरून जाणारी बारीक रेषा दुसऱ्या पाठपराखाली एकदम घसरते, ठिपकेवालीची हळूहळू उतरते. हे पाहायला मासा अख्खा हवा. तुकडे झालेली सुरमई म्हणजे आधार कार्ड नसलेला इसम.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो: तर्रीत बुडाल्यावर सगळे सारखेच, मग एवढी चौकशी कशाला? तर्री निःपक्षपाती असते हे कबूल. पण मग पैसेही सारखेच घ्यावेत की! शिवाय पापलेटात काटे कमी, म्हणून तो लेकरांच्या ताटात बिनघोर वाढला जातो. रूपचंदच्या मांसात बारीक फाटे फुटलेले काटे असतात. इथे चूक नावाची राहत नाही, घशाची होते. दुसरा आक्षेप विद्वानांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. सप्टेंबर 2023 मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. जाहीर करणारे तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री सुधीर मुनगंटीवार चंद्रपूरचे, म्हणजे अरबी समुद्रापासून आपल्याहूनही लांबचे. माझ्या मुद्द्याला याहून मोठा सरकारी पुरावा नको. पण गंमत पुढेच आहे. या माशाला पुस्तकं वर्षानुवर्षं पॅम्पस अर्जेंटियस म्हणत आली. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी सांगितलं, की भारताच्या किनाऱ्यावरचा पापलेट वेगळा, त्याचं नाव पॅम्पस कॅन्डिडस. यातलं कॅन्डिडस हे नाव क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1829 मध्येच देऊन ठेवलं होतं, पुढे ते अर्जेंटियसच्या खात्यात जमा झालं. शास्त्रज्ञच जर असे गोंधळले, तर बोरगावच्या माणसाने कपाळावर आठ्या कशाला घालाव्यात? तर अशासाठी, की त्यांचा गोंधळ दोन सख्ख्या भावांमधला होता. एकाही शास्त्रज्ञाने दाढवाल्या मासोळीला पापलेट म्हटलेलं नाही.

विक्रेत्याच्या पोटावर पाय येईल, हा तिसरा आक्षेप मला मान्य नाही. रूपचंद स्वस्त आहे, भरीव आहे, तळून चांगला लागतो आणि ज्याच्या खिशाला पापलेट झेपत नाही त्याच्या घरी तो रविवार साजरा करतो. त्याच्या नावाने विकला तरी तो विकला जाईल, कदाचित जास्तच. आडमार्गाने पापलेट बनवून आपण त्याचाच अपमान करतो. म्हणून एवढंच करा. ‘साफ करून देऊ का भाऊ?’ असं विचारलं, की लगेच ‘हाव’ म्हणू नका. मुंडकं उडालं की पुरावाही गेला. आधी ओठ वर करून बघा. दात दिसले तर रूपचंदच्या भावाने द्या म्हणा. भाव पापलेटाचाच राहिला तर सरळ रोहू घ्या. तो निदान स्वतःच्या नावाने येतो.