गोरज मुहूर्त, वळीव आणि फोटोवाले

लग्नात पाऊस का पडतो, याचं शास्त्रीय कारण सगळ्यांना माहीत असतं. नवऱ्या मुलीने लहानपणी पातेलं खरवडून खाल्लेलं असतं. पहिला थेंब रांगोळीवर पडला की तिची आत्या हे कारण खड्या आवाजात जाहीर करते. आई म्हणते, "काहीतरीच काय वन्सं, ती साधी साय खात नव्हती," आणि मुलगी मान खाली घालून हसते. होतकरू छायाचित्रकाराने या क्षणी आभाळाकडे बघू नये, मुलीकडे बघावं. दिवसभरात फुकट मिळणारं हसू ते एवढंच. बाकीची आपण "ताई, इकडे बघा" करून वसूल केलेली असतात.

प्रस्तुत मार्गदर्शन पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यात, चैत्र-वैशाखात, गोरज मुहूर्तावर लागणाऱ्या लग्नांपुरतं आहे. विषय चिंचोळा वाटेल, पण पेठेतली बोळं तरी कुठे रुंद आहेत? पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू. पुण्यात मात्र वसंताची उत्तरपूजा वळीव करतो. दिवसभर जमीन तापते, गरम हवा वर चढते, दुपारनंतर ढग बांधून येतात आणि संध्याकाळच्या सुमाराला कोसळतात. गोरज म्हणजे गाई घरी परतण्याची वेळ. मेच्या मध्यावर इथे सूर्य सातच्या आसपास मावळतो. म्हणजे गुरुजींनी आणि ढगांनी एकच पंचांग बघितलेलं असतं. "पाऊस आला तर?" असं वाड्याच्या मालकांना विचारू नये. ते म्हणतात, "आमच्याकडे पडत नाही."

आता वाडा समजून घेऊ. मालक तो पेशवेकालीन असल्याचं सांगतील. वाद घालू नये, ॲडव्हान्स दिलेला असतो. दिंडी दरवाजातून आत गेलात की देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी आणि पडव्या. चारी बाजूंची छपरं चौकाकडे उतरती, आणि चौक आकाशाला उघडा. ज्याने हा वाडा बांधला त्याला घराच्या मधोमध उजेड हवा होता आणि पाऊसही तिथेच पडलेला चालत होता. आपल्या धंद्याची सगळी अडचण या एका वाक्यात आहे. चेहऱ्यावर मऊ, सारखा पसरलेला जो उजेड मिळावा म्हणून लोक स्टुडिओत हजारो रुपये घालतात, तो चौकाच्या कडेला फुकट पडलेला असतो. आणि ज्या भोकातून तो येतो त्याच भोकातून चार छपरांचं पाणीही येतं. चौकापासून दोन पावलं मागे सरका, तुळया आणि कडीपाटाखाली इतका काळोख की नवरदेव कोणता आणि खांब कोणता, हे फेट्यावरून ओळखावं लागतं. तिथे आयएसओ ३२०० वर न्यावा आणि लाजू नये. फोटोत थोडे दाणे येतील. नाहीतरी अक्षता पडणारच आहेत.

मालकांची खरी धास्ती आगीची. ती रास्त आहे, खुद्द शनिवारवाडा १८२८ साली आगीतच गेला. म्हणून होमाशेजारी पाण्याची बादली हटकून ठेवलेली असते. वरून येणाऱ्या पाण्यासाठी काहीही ठेवलेलं नसतं.

सामानाविषयी थोडकं सांगतो. पावसापासून कॅमेरा वाचवायला परदेशी बनावटीची कव्हरं मिळतात. ती घरी विसरावीत आणि मुलीच्या मावशीला गाठावं. मानपानाच्या साड्या ज्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून येतात, त्यातली एक मागून घ्यावी, कोपरा कापून लेन्सचं तोंड बाहेर काढावं आणि रबरबँड लावावा. मावशी पिशवी देतात, पण "साडीची घडी मोडू नका हं, ती विहीणबाईंची आहे" हे तीनदा सांगून. दुसरं, वराकडच्या एसी खोलीतून कॅमेरा थेट चौकात आणू नये. काच गार, हवा दमट. लेन्सवर लगेच धुकं धरतं. पुसलं की पुन्हा धरतं. कॅमेरा पिशवीत बांधून अर्धा तास ओसरीवर ठेवावा, म्हणजे तो बाहेरच्या हवेइतका कोमट होतो. मी हे शिकलो ते एका सीमांतपूजनाच्या वेळी. ते अख्खं महाबळेश्वरला झाल्यासारखं आलं आहे.

पहिली सर आली की ज्येष्ठ मंडळी खांबाला टेकून बोलू लागतात. पेठ नदीकाठची असेल तर विषय ठरलेला. "एकसष्ट साली, पानशेतच्या वेळी, पाणी इथवर होतं," असं म्हणत आजोबा खांबावर हात ठेवतात. शेजारचे आजोबा तो हात वीतभर वर सरकवतात. हा फोटो जरूर घ्यावा. १२ जुलै १९६१ ला पुण्यात असलेला माणूस पाण्याबद्दल बोलताना कॅमेरा विसरतो, आणि कॅमेरा विसरलेला पाहुणा लग्नात फार दुर्मीळ आहे.

पाऊस फोटोत दिसावा अशी इच्छा असेल तर थोडं गणित करावं लागेल. वळवाचा टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर पडतो. शटर सेकंदाचा साठावा भाग ठेवलंत तर तेवढ्यात तो अर्धा फूट खाली येतो आणि फोटोत रेघ उमटते. हजारावा भाग ठेवलात तर थेंब थेंबासारखा दिसेल, पण त्या उजेडात बाकी काहीच दिसणार नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारू नये. जवळचे थेंब आधी उजळतात आणि नवरीच्या तोंडावर पांढरे गोळे येतात. फ्लॅश देऊन असिस्टंटला चौकापलीकडच्या पडवीत खांबामागे उभं करावं. मागून उजेड आला की प्रत्येक थेंब काचेचा होतो. असा फोटो साधायला मला सहा वर्षं लागली. तो बघून मुलीचे काका म्हणाले, "अहो फोटोवाले, एवढे ठिपके तेवढे पुसून द्या."

अक्षतांबद्दल यजमानांना आधीच सांगून ठेवावं: कुंकू लावून चांगल्या लाल करा. पांढरे तांदूळ आणि पाऊस फोटोत सारखेच दिसतात, मग पाहुण्यांनी आशीर्वाद दिला की वरुणाने, हे कळत नाही. ओल्या अक्षता चिकटतात, मुख्यतः नवरदेवाच्या चष्म्याला. छत्री काळीच मागावी. लाल छत्रीखाली माणूस रागावलेला दिसतो आणि हिरव्या छत्रीखाली कावीळ झाल्यासारखा. आणि शहाबादी फरशी ओली झाल्यावर व्याही-भेटीचा फोटो चौकात घेऊ नये. मिठी अपेक्षेपेक्षा घट्ट होते.

आता खरा प्रसंग. मंगलाष्टकं चालू असताना वळीव फुटला तर काय करावं, हे कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणून एक पाहिलेलं सांगतो. बोहलं चौकात होतं, वरचं कापड शोभेचं. चौथ्या मंगलाष्टकाला विजा, पाचव्याला पाऊस, आणि लगेच लाइट गेली. मुहूर्ताला तीन मिनिटं. पाट उचलून ओसरीवर न्यायचे तर तिथे सगळं वऱ्हाड आधीच चढलेलं. गुरुजी थांबेनात, मुहूर्त थांबत नसतो. तेवढ्यात अंतरपाट धरलेल्या दोघांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी तो वर उचलला आणि नवरा-नवरीच्या डोक्यावर छतासारखा ताणला. पाऊस अडला, पण मध्ये पडदाच राहिला नाही! ओसरीवरून आजी ओरडल्या, "अरे, डोळे मिटा! डोळे मिटा आधी!"

दोघांनी डोळे घट्ट मिटले. भिजलेल्या कापडाखाली, हातात हार, वीतभर अंतरावर, आंधळ्या कोशिंबिरीत पकडल्यासारखे. नवऱ्याच्या गुलाबी फेट्याचा रंग सुटून एक ओघळ कानामागून उपरण्यावर उतरत होता. नवरीच्या मुंडावळीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. ती हसू दाबत होती, त्यामुळे तो हलत होता, पण पडत नव्हता. मामा मागे छत्री उघडून उभे, पण ती त्यांनी घाईत गुरुजींच्या पोथीवर धरली होती. वीज चमकली आणि मी बटण दाबलं. फ्लॅश बंद होता, उजेड वरच्याने दिला.

महिन्याभराने अल्बमसाठी निवड झाली. मुलीच्या आईने साडेचारशे फोटो पसंत केले, त्यात आइस्क्रीमच्या काउंटरचे नऊ. हा एक बाजूला काढून ठेवला आणि मागे पेन्सिलीने शेरा लिहिला: घेऊ नये, दोघांचेही डोळे मिटले आहेत.