ओरोसात अंगठा सांभाळण्याची रीत

पायाच्या अंगठ्याचा सांधा दुखू लागला की पहिलं काम निदानाचं. ओरोसात त्यासाठी दवाखाना गाठावा लागत नाही. एसटीतून तिठ्यावर जरासं लंगडत उतरलं की पुरतं. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला आणि मुख्यालय इथं आलं; म्हणून आठही तालुक्यांची माणसं कागदांच्या पिशव्या घेऊन इथं येतात. साहेब जागेवर नसले की या माणसांकडे वेळच वेळ असतो. "तात्यानू, पायाक काय झालां?" असं कुणी विचारलं तर तोंड उघडायची घाई करू नये. उत्तर विचारणाऱ्याकडेच तयार असतं.

"युरिक ॲसिड असतला. पेडवे बंद करा."

पेडवे लगेच बंद करू नयेत. आधी आपलं दुखणं कुठल्या घराण्यातलं, ते बघावं. युरिक ॲसिडचा गाऊट बहुधा रात्री-अपरात्री येतो. अंगठा लालबुंद होतो, तापतो, अंगावरची चादर त्याला लागली तरी जीव जातो, आणि काही दिवसांत सगळं ओसरतं. हे खानदानी दुखणं. सोळाव्या शतकातल्या सम्राट पाचव्या चार्ल्सला ते होतं. त्याच्या जपून ठेवलेल्या बोटात युरिक ॲसिडचे स्फटिक सापडल्याचं संशोधकांनी २००६ साली जाहीर केलं. १७९९ मध्ये जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकारानं अंगठ्याला कडकडून चावणारा काळा सैतानच काढून ठेवला.

दुसरी असते साधी झीज. सांध्यातली कूर्चा विरते, वरच्या बाजूला हाडाचा उंचवटा येतो आणि अंगठा वर वळायचं हळूहळू सोडून देतो. हिला राजाश्रय नाही, चित्रकारही मिळाला नाही. म्हणून चारचौघांत 'झीज' म्हणू नये, 'हॅलक्स रिजिडस' म्हणावं. समोरचा दोन क्षण तरी गप्प होतो. दोन्ही दुखणी एकाच अंगठ्यात नांदू शकतात, हेही ध्यानात ठेवावं. कधी रक्तातला युरिक ॲसिडचा आकडा वाढलेला असूनही गाऊट नसतो, आणि कधी ऐन झटक्यात तोच आकडा साळसूदपणे बरोबर येतो. तेव्हा निकाल तिठ्यावर न लावता डॉक्टरांकडून आणि एक्स-रेवरून लावावा.

समजा, निघालाच गाऊट. मग औषधं डॉक्टरांची आणि पथ्य आपलं: पेडवे, बांगडे, कलेजी, बियर यांना आवर. पथ्याचा आरंभ जूनमध्ये करावा. मासेमारी बंद असते, बाजारात ताजं काही नसतं, आणि निग्रहाचं श्रेय फुकटात मिळतं. सुक्या बांगड्याचा विषय मात्र घरात कुणालाही काढू देऊ नये.

झीजवाल्यांना पथ्य जिभेचं नाही, चालीचं. आपण चालतो तेव्हा टाच उचलली जाते, भार पुढं सरकतो आणि अंगठा मुळाशी दुमडून शरीराला पुढं ढकलतो. दुखतं ते नेमकं त्या क्षणी. पाऊल सपाट असेतोवर सांध्याची फारशी तक्रार नसते. याचा अर्थ नीट समजून घ्या. चालणं वाईट, उभं राहणं चांगलं! सातबारा, दाखला, शिक्का, सही यांसाठी लोक रांगेत ताटकळतात तेव्हा आपला सांधा विश्रांती घेत असतो. जिल्ह्याच्या मुख्यालयी राहण्याचा याहून मोठा वैद्यकीय लाभ माझ्या पाहण्यात नाही. अडचण एवढीच, की रांग संपल्यावर 'झेरॉक्स घेऊन या' म्हणून सांगतात आणि पुन्हा चालावं लागतं.

आता पादत्राण. इथं घाई नको. दुकानदार चप्पल हातात घेऊन तिची पुरचुंडी करून दाखवील, "बघा, किती मऊ!" म्हणेल. तीच आपली शत्रू. चप्पल मुडपली की आत अंगठाही मुडपतो. दोन्ही हातांनी जोर लावूनही जी मुडपत नाही, ती घ्यावी. घरातली रबरी स्लीपर कुणाला तरी देऊन टाकावी, शक्यतो युरिक ॲसिडवाल्याला. कोल्हापुरीचा तळ कडक, तिथवर ठीक. पण तिचा पट्टा वरच्या उंचवट्यावर घासतो आणि अंगठ्याचं वेटोळं पुन्हा अंगठ्यालाच कामाला लावतं.

मला विचाराल तर या विषयात ऋषिमुनी आपल्या फार पुढं होते. खडावा! लाकडाचा तळ, तिळभर वाकत नाही. फक्त ती मधली खुंटी घात करते, कारण तिला बोटांनी धरून चालावं लागतं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची केळी आणि वांगी हुबेहूब करतात. त्याच हातांना खुंटीऐवजी पट्टा लावलेल्या, पुढून तळाशी किंचित गोलवलेल्या खडावा करायला काय अवघड आहे? पाऊल त्या गोलाईवरून पुढं कलंडतं आणि अंगठ्याला दुमडावंच लागत नाही. शहरात याच युक्तीला 'रॉकर सोल' म्हणतात आणि भरपूर पैसे घेतात. ते परवडत नसेल तर चांभाराकडून जुन्या सँडलच्या तळात एक कडक पट्टी बसवून घ्यावी. पुढचा भाग रुंद हवा. टोकदार बूट नवरदेवांना सोडावेत.

एसटीतून उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा, कारण मागं राहिलेल्या पायाचा अंगठा दुमडतो. तो चांगला असलेला बरा. चढताना पूर्ण पाऊल, टाचेसकट, पायरीवर ठेवावं. कंडक्टर "चला, चला" म्हणेल. म्हणू द्यावं. पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं की बोटं आपोआप आवळली जातात आणि संध्याकाळी हिशेब देतात. म्हणून गणपतीच्या आधी ब्लीचिंग पावडर टाकून पायऱ्या दुसऱ्याकडून घासून घ्याव्यात. सिंधुदुर्ग किल्ल्यावर महाराजांच्या पायाचा ठसा आहे. तो पाहताना भक्तीशिवाय दुसरा विचार मनात आणू नये, विशेषतः हेव्याचा.

खरी कसोटी जमिनीवर बसण्याची. बसणं जमतं, उठताना दोन्ही पायांचे अंगठे दुमडून भार घ्यावा लागतो तिथं ब्रह्मांड आठवतं. वाकून नमस्कार चालतो, त्यात कंबर वाकते. साष्टांग घालावा तो शेजारी उठवणारा माणूस पाहून. पंगतीत खुर्ची-टेबल मागावं. लगेच आपली गणना आजोबांत होते आणि वडे-सागोतीचं वाढप आपल्यापासून सुरू होतं. हा तोटा सोसण्याजोगा आहे.

घरगुती उपायांत निरगुडीच्या पाल्याचा शेक निरुपद्रवी, बरंही वाटतं. कोकमतेल भेगाळलेल्या टाचेला उत्तम. ते सांध्यापर्यंत पोचेल अशी आशा धरू नये. बिब्ब्याच्या वाटेला मुळीच जाऊ नये. कातडी उतते आणि एका अंगठ्याला दोन दुखणी होतात.

एवढं करूनही भागलं नाही तर शस्त्रक्रिया. एका प्रकारात वरचा उंचवटा तासून अंगठ्याला वळायला जागा करून देतात. झीज फार असेल तर दोन्ही हाडं जोडून सांधाच कायमचा बंद करतात; अंगठा मग वाकत नाही आणि बहुधा दुखतही नाही. त्यानंतर काही आठवडे पाय जपावा लागतो, म्हणून तारीख विचारपूर्वक काढावी. चतुर्थीच्या आधी नको, चाकरमानी यायचे असतात. नंतर नको, भात कापायचं असतं. मग दहिकाले सुरू होतात, त्यात रात्रभर दशावतार. पुढं शिमगा. एप्रिल-मे आंबा-काजूचा, जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी. राहता राहिला दहिकाले आणि शिमगा यांच्या मधला थोडा काळ. पण त्यात आंगणेवाडीची जत्रा येते आणि तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर होईपर्यंत डॉक्टरांना शब्द देऊ नये.