फाडायचं तिकीट

छावणीतल्या आमच्या मंडळीत ‘झटपट पैशाचा मोह’ या विषयावर तरुण संघापुढे बोलायला माझी निवड झाली, ती चारित्र्यावरून नव्हे, चिकटपणावरून. ज्याच्या हातून चहाचे दहा रुपये सुटत नाहीत तो जुगार काय खेळणार, असा पाळकसाहेबांचा हिशोब. पैसा सुटत नाही म्हणजे पैशाची ओढ नाही, असं ते धरून चालले होते. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

विषय निकडीचा होता. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेनं केला. तोवर संघातली निम्मी पोरं उपासनेत मान खाली घालून बसायची. मला वाटायचं, प्रार्थना चाललीय. ती मोबाइलवर टीम लावत होती.

तयारीला बायबल उघडलं. जुगाराला चाप लावणारं एखादं खणखणीत वचन सापडेल अशी खात्री होती. दहा आज्ञा पालथ्या घातल्या. शेजाऱ्याच्या घराचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नये हे आहे. त्याच्या जॅकपॉटबद्दल मोशे गप्प. उलट जिकडेतिकडे चिठ्ठ्याच! कनान देश वंशांना वाटून दिला तो चिठ्ठ्या टाकून, योनाला समुद्रात फेकला तो त्याच्या नावाची चिठ्ठी निघाली म्हणून, आणि यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थिया आला तोही चिठ्ठीनंच. अखेर कामाचा दाखला मिळाला वधस्तंभाखाली. वर प्रभू प्राण सोडतोय आणि खाली शिपाई त्याच्या बिनशिवणीच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकतायत. मान वर करून बघायला एकालाही फुरसत नाही. उपासनेतली ती टीम लावणारी पोरं आठवली. भाषण इथंच संपवलं असतं तर माझी अब्रू वाचली असती.

पण अभ्यास वाढवला. इसवी सन ३०५च्या सुमारास स्पेनमधल्या एल्व्हिरा इथं बिशपांची परिषद भरली होती. पैसे लावून फासे खेळणाऱ्याला प्रभुभोजन बंद, सुधारला तर वर्षानं परत, असा नियम तिनं केला. हे मी वसईच्या कॅथलिक साडूला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, “आमच्याकडे सणाला हाउझी असते. खेळात पाप नाही, घरच्या गरजेचा पैसा त्यात गेला की पाप, असं आमची शिकवण सांगते. तुला भीती नाही, तू गरजेलाही पैसा काढत नाहीस.”

मग मला ती कल्पना सुचली. भाषणाच्या शेवटी लॉटरीचं तिकीट काढायचं आणि सगळ्यांसमोर टराटरा फाडायचं! पोरं वर्षभर विसरणार नाहीत. तिकीट विकत घेण्यात गैर काहीच नव्हतं. १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानं जुगाराच्या व्याख्येतूनच लॉटरी वगळलीय, आणि १९६९पासून महाराष्ट्र सरकार स्वतःची लॉटरी चालवतंय. मटकेवाल्याला पोलीस धरतात, लॉटरीवाल्याला परवाना मिळतो. मी औरंगपुऱ्यात गेलो. विक्रेत्यानं विचारलं, “गजलक्ष्मी देऊ की दिवाळी बंपर?” ख्रिस्ती माणसानं गजलक्ष्मी कशी मागायची? धर्म सांभाळण्यासाठी मी बंपर घेतलं.

भाषण रविवारी होतं, सोडत सोमवारी. घोळ तिथंच झाला. शनिवारी रात्री अंथरुणात विचार आला, लागणारं तिकीट हेच असलं तर? मग प्रभूशी बोलणी सुरू झाली. दशमांश तर त्याचाच. पण सरकार तीस टक्के कर आधीच कापून घेणार. मग दशमांश पूर्ण रकमेवर द्यायचा की हातात येणाऱ्या? जो देव दहा टक्क्यांवर समाधानी आहे त्याच्याशी घासाघीस बरी नव्हे, म्हणून मी आपणहून पंधरावर गेलो. चर्चचं छप्पर बदललं. पाळकसाहेबांना स्कूटर दिली. इतकी कळकळीची प्रार्थना मी सासूबाईंच्या आजारपणातही केली नव्हती. अंधारातून बायकोचा आवाज आला, “प्रभूला पंधरा. मला किती?”

सकाळी उपासनेला जाता जाता तिकिटाची झेरॉक्स काढली.

भाषण रंगलं. शिपाई, अंगरखा, एल्व्हिरा, सगळं झालं. मी खिशातून कागद काढला, उंच धरला आणि फाडला. शांतता पसरली. पहिल्या बाकावरचा एक पोरगा पायाशी आलेला तुकडा उलटून म्हणाला, “काका, मागची बाजू कोरीय. ओरिजनल कुठंय?”

पाळकसाहेबांनी ताबडतोब आशीर्वाद देऊन सभा संपवली.

पोरांनी मात्र तुकडे गोळा केले, जुळवले आणि नंबर टिपून घेतला. सोमवारी रात्री माझ्याआधी निकाल त्यांनीच पाहिला. शेवटचे आकडे लागले होते. बक्षीस सगळ्यांत खालचं, तिकिटाची किंमत जेमतेम निघेल एवढं, पण अख्खा तरुण संघ अभिनंदनाला दारात हजर. मागोमाग पाळकसाहेब आले.

घाईघाईनं मी ती रक्कम चर्चला देऊ केली. ते म्हणाले, “यहूदानं परत टाकलेली रुप्याची तीस नाणी याजकांनीसुद्धा मंदिराच्या भांडारात घेतली नाहीत. कुंभाराचं शेत विकत घेतलं, परक्यांना पुरायला.”

“एवढ्यात शेत नाही येत हो.”

“मग भजी आणा.”

भज्यांचं बिल बक्षिसाच्या कितीतरी पुढे गेलं. तोट्यावर दशमांश लागतो का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण पाळकसाहेब तेव्हा दुसरी प्लेट मागवत होते.