नुसत्या चपला घाला

सकाळी सव्वासहाला जिन्यातून शेजारच्या काकूंची हाक येते, "नुसत्या चपला घाला हो! फिरायचं की नाही ते खाली बघू." चपला घालून खाली आलेलं माणूस तसंच परत वर गेल्याचं आमच्या सोसायटीत कुणी पाहिलेलं नाही.

व्यायामाचे फायदे काकू कधीच सांगत नाहीत. "फायदे सगळ्यांना पाठ असतात. जिमचे वर्षाचे पैसे भरून फेब्रुवारीत गायब होणारी माणसं काय अडाणी असतात?" हे बोलताना त्या दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंकडे बघत नाहीत, हा त्यांचा सभ्यपणा.

त्यांचं खरं हत्यार म्हणजे नणंदेच्या मुलाचं मोडता मोडता राहिलेलं लग्न. ही कथा गेटपाशी सुरू होते आणि मुलीचे मामा तावातावाने हॉलमध्ये शिरणार, तेवढ्यात परत गेट येतं. "उरलेलं उद्या." मामा चार दिवस दारातच उभे होते. दांडी मारणाऱ्याला जाब नाही. "काल तुम्ही हवे होतात," एवढंच. मामांनी पुढे काय केलं हे मात्र त्याला सांगायची बाकीच्यांना सक्त मनाई.

गुडघेवाल्यांना वाटेतल्या कडुलिंबापर्यंतच परवानगी. महिनाभर टिकलेल्यांना बढती म्हणून पर्वतीच्या पायऱ्या.

एकदा भाऊंनी मनगटावरचं नवं घड्याळ पुढे केलं. दहा हजार पावलं झाली नाहीत तर उपयोग शून्य म्हणे! काकू थांबल्यासुद्धा नाहीत. "अहो, जपानी कंपनीनं १९६५ साली पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं ते नाव! जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला दीडशे मिनिटं. रोज अर्धा तास, पाच दिवस. आणि भरभर, वरातीत चालल्यासारखं नाही." मग माझ्या कानाशी येऊन, "दोन दिवस सुट्टी चालते हे यांना कळू देऊ नका. पाच दिवस सुट्टी घेऊन दोन दिवस चालतील."

मध्यंतरी काकू लेकीकडे नाशिकला गेल्या. आम्ही सुटलो म्हणून पांघरूण ओढतोय, तोच सव्वासहाला फोन.

"चपला घातल्या?"

"हो, हो. निघालोच आहोत सगळे."

"असं? वॉचमन दुसऱ्या लाइनवर आहे. तो म्हणतोय, खाली फक्त मांजर आहे."