केकर

प्रत्येक सोसायटीत एक केकर असतो. दारावरच्या पाटीवर आडनाव काही का असेना, 'हजार' हा शब्द त्याने कायमचा टाकलेला असतो, म्हणून आम्हीच केलेलं हे बारसं. आमचे केकर सोसायटीचे खजिनदार आहेत. त्यांच्या नोटिशीत 'मेंटेनन्स ३.५के, थकबाकी १८के, टँकर १०के' असं असतं. यातला टँकरचा आकडा लिटरचा की रुपयांचा, यावर तळमजल्यावरच्या आजोबांची आणि वॉचमनची दर उन्हाळ्यात जुंपते. केकर म्हणतात, "ऑब्व्हियस आहे हो!"

ही खोड त्यांना वायटूकेच्या काळात लागली. जुन्या कॉम्प्युटरांत मेमरी महाग, म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवायचे. २००० उजाडलं की यंत्र '००' वाचून १९०० समजणार, अशी धास्ती होती. म्हणजे सालाची काटछाट केल्यामुळे दुखणं ओढवलं आणि जगाने त्या दुखण्याचं नावही काटछाट करूनच ठेवलं. केकर तेव्हा नवे नोकरीला लागलेले, दिवसभर कोबोलचे जुनाट प्रोग्रॅम उसवत बसायचे. ३१ डिसेंबर १९९९ची रात्र त्यांनी ऑफिसातच काढली. "एवढा गाजावाजा केलात आणि झालं काय? काहीच नाही!" असं कुणी म्हणालं की ते ताठ होतात. "काही झालं नाही, कारण आम्ही होतो." यात मात्र तथ्य आहे. आपल्या कितीतरी कंपन्यांना अमेरिकेचं दार याच कामाने किलकिलं करून दिलं.

पण मेमरी स्वस्त झाली तरी केकरांची काटकसर सुटली नाही. चपलांच्या दुकानात मालक "दीड हजार" म्हणून मोकळा होतो, केकर "वन पॉइंट फाइव के?" असं लांबलचक विचारून वेळ वाचवतात. सकाळी लिफ्टमध्ये भेटले की, "काल टेन के मारलं. शूज एट के, एंट्री टू के." यातला पहिला के किलोमीटरचा, उरलेले रुपयांचे. स्वतःच्या पगारापाशी आले की के चालत नाही, तिथे एल लागतो. लाखाचा.

त्यांच्या उत्साहाला घरातच काय तो लगाम आहे. लेक इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिच्या कॉलेजच्या गॅदरिंगचं पोस्टर केकरांनी हौसेने करून दिलं आणि वर ठळक लिहिलं, '२के२४'. २०२४ लिहायला चार ठसे लागतात, २के२४लाही चारच. पण हा हिशेब त्यांना कोण सांगणार? लेकीने सांगितला तो वेगळाच. "बाबा, रेझिस्टरवर ४के७ म्हणजे चार हजार सातशे ओहम. के जिथे असतो तिथे पॉइंट समजायचा. तुमचं गॅदरिंग २२४० साली आहे." पोस्टर तसंच लागलं. सगळ्या कॉलेजांत तसंच लागतं.

दुसरा लगाम वहिनींचा. केकरांच्या टेक-टिप्सच्या यूट्यूब चॅनेलला तीनशेच्या आसपास सबस्क्रायबर, आणि हजार भरल्याशिवाय यूट्यूब के देत नाही. वहिनींच्या उकडीच्या मोदकांना चौदा के व्ह्यूज आहेत. त्या मात्र "चौदा हजार" म्हणतात. मुद्दाम, आणि केकर जेवायला बसले की.

गेल्या गणपतीत वर्गणीची यादी फिरली. केकरांनी नावापुढे झोकात लिहिलं, '.५के'. पाचशे म्हणायचं होतं. टिंबाआधीचं शून्यसुद्धा त्यांनी वाचवलं होतं. यादीची झेरॉक्स निघाली, त्यात टिंब उडालं. संध्याकाळी आरतीनंतर माइकवरून घोषणा झाली, "आपले खजिनदार, रुपये पाच हजार!" टाळ्या पडल्या. आजोबांनी तर उठून पाठ थोपटली. वहिनी पदराआड हसत होत्या. चारचौघांत टिंबाचा खुलासा कोण करणार? केकरांनी फोन काढला आणि स्कॅन करून पैसे भरले. अॅपमध्ये के चालत नाही; तिन्ही शून्यं स्वतःच्या बोटाने, एकेक करून दाबावी लागली.

यंदाची यादी परवा माझ्याकडे आली. केकरांच्या नावापुढे निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात लिहिलंय : 'रु. ५००/- (अक्षरी रुपये पाचशे फक्त)'. 'फक्त'खाली दोन रेघा आहेत.