तुघलकाला जमलं नाही ते

चिकलठाणा एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपात टॅलीला एक, हजेरीला एक आणि ड्रॉइंगच्या फायलींना एक असे तीन कॉम्प्युटर होते. तिघंही दिवसभर बसून वीज खात. मी शेठना सुचवलं, एकच दणकट सर्व्हर घेऊ, त्यात तीन आभासी मशीन चालवू.

"एका डब्यात तीन कॉम्प्युटर?" शेठ म्हणाले, "मग एका पगारात तीन माणसं कामून चालत नाहीत?"

चालतात, हे मी बोललो नाही. नेटवर्क, जीएसटी आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ही तिन्ही खाती माझ्याकडेच होती.

युक्ती तशी जुनी. आयबीएमने 1972 मध्येच व्हीएम/370 आणलं होतं. पुढे या धंद्यात व्हीएमवेअरचं राज्य आलं. 2023 मध्ये ते ब्रॉडकॉमने विकत घेतलं आणि कायमचे परवाने विकणं बंद केलं. सॉफ्टवेअरला दरवर्षी भाडं, हे ऐकून शेठनी चहा खाली ठेवला. म्हणून व्हिएन्नाकरांचं प्रॉक्समॉक्स घेतलं. ते फुकट आहे, फक्त लॉगिन केलं की सबस्क्रिप्शन नसल्याची आठवण करून देतं. "उधारी मागतंय का?" असं शेठ अजून विचारतात.

मग दुसरा सर्व्हर आला आणि खरी गंमत सुरू झाली, लाइव्ह मायग्रेशन. चालू मशीन या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर न्यायचं. आधी मेमरीची नक्कल तिकडे जाते, तोवर इकडे जे बदललं ते पुन्हा जातं, शेवटी क्षणभर थांबून मशीन तिकडे जागं होतं. टॅलीवाल्या मॅडमना पत्ताही लागत नाही.

आमच्या गावाला स्थलांतराचा अनुभव दांडगा. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथून पंधराएक किलोमीटरवरच्या दौलताबादला हलवली आणि काही वर्षांनी परत नेली. माझ्या मते त्याचा बेत वाईट नव्हता. चुकलं एवढंच, की तिकडे नक्कल तयार होण्याआधीच त्याने इकडचं मशीन बंद केलं. शिवाय नव्या जागी किती माणसं मावतील, पाणी पुरेल का, हे बघायला हवं होतं. प्रॉक्समॉक्सवाला माणूस निदान रॅम तरी मोजतो.

तुम्हीही हा उद्योग करणार असाल तर बायॉसमधलं व्हर्च्युअलायझेशन आधी चालू करा आणि बॅकअप त्याच डब्यात ठेवू नका. आमचा सिडकोत शेठच्या घरी, टीव्हीखाली असतो. त्यावर फुलदाणी ठेवू नये, एवढं वहिनींना सांगून झालंय.